लाट गेली, फीत राहिली!

मुलांनो, घरात कपडे वाळत घालायची जुनी दोरी आहे? नाहीतर गोठ्यातला एखादा कासरा? त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. मधोमध केसांची लाल फीत बांधा आणि दुसरं टोक हातात धरून एक झटका द्या. दोरीवरून एक उंचवटा सरसर पळत जाईल. आता सांगा पाहू, फीत कुठे आहे? जिथल्या तिथे! वर गेली, खाली आली, पण पुढे बोटभरही सरकली नाही.

मी फलटणच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तरंगांचा धडा आला की आधी ही दोरी काढते. माध्यमाचे कण जागेवरच हलतात आणि पुढे जाते ती ऊर्जा, हे वाक्य पाठ होतं, पण पटत नाही. फीत पाहिली की पटतं.

गेल्या वर्षी दोरी झाल्यावर वर्गाला मैदानावर नेलं. वीस जणांची रांग केली, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याला हळूच ढकललं. धक्का एकाकडून दुसऱ्याकडे असा थेट पहिल्यापर्यंत पोचला. तरंग ज्या दिशेने जातो त्याच दिशेने कण मागेपुढे हलले, तर तो अनुतरंग. आवाज हवेतून असाच येतो. मग शेवटच्याला डावीकडे-उजवीकडे हलवलं. लाट पुढे चालली आणि मुलं आडवी झुलली! हा अवतरंग, दोरीवरच्यासारखा.

सगळे हसत होते. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझी आजी धार काढायला गोठ्यात गेली होती. म्हैस आधी दावं ओढायला लागली आणि मग थोड्या वेळानं घरातली भांडी पडली. म्हशीला आधी कसं कळलं?"

बघा, प्रश्न कसा आला! आणि उत्तर तर आम्ही नुकतंच खेळलो होतो.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी आपल्याच सातारा जिल्ह्यात कोयनानगरजवळ जमीन हादरली. रिश्टर मापावर भूकंप ६ च्या वर होता. सुमारे १८० माणसं गेली, हजारो बेघर झाली. जमिनीखालचा खडक तुटतो तेव्हा दोन्ही प्रकारचे तरंग एकाच वेळी निघतात. पण त्यांची धाव सारखी नसते. कठीण खडकात अनुतरंग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जातो, अवतरंग साधारण साडेतीन. कोयनानगर ते फलटण सरळ रेषेत अंदाजे १०० किलोमीटर. मुलांनी फळ्यावर भागाकार केला. पहिला तरंग १७ सेकंदांत, दुसरा २९ सेकंदांत. मधे १२ सेकंद! पहिला धक्का सहसा हलका असतो, म्हशीला बहुधा तोच जाणवला. भांडी पाडणारा दुसरा.

मग आम्ही घड्याळ लावलं. बारा सेकंदांच्या आत सगळा वर्ग बाकांखाली! जपानमध्ये हाच फरक वापरून २००७ पासून लोकांना भूकंपाची सूचना दिली जाते. पहिला तरंग यंत्रांनी टिपला की जोरदार धक्का पोचायच्या आत इशारा निघतो.

पण एका मुलानं विचारलं, "बाई, कोयनेच्या मुलांना किती सेकंद मिळाले?"

"कर भागाकार," मी म्हटलं. केंद्रापासून दहा किलोमीटरवर उत्तर आलं जेमतेम सव्वा सेकंद. वर्गात कोणी बोललं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत असंच झालं. दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. केंद्राच्या इतक्या जवळ असणाऱ्याला पळायला वेळ नसतो. त्याला वाचवतं ते घर. म्हणून तिथं नवी गावं वसवताना भूकंपात टिकतील अशी घरं बांधली गेली.

तेव्हा बालमित्रांनो, दोन कामं करा. घरातलं मजबूत टेबल कोणतं ते आजच बघून ठेवा. जमीन हलली तर त्याखाली बसायचं, डोकं झाकायचं आणि हलणं थांबेपर्यंत टेबलाचा पाय घट्ट धरायचा. दुसरं, गावात कुणाचं नवं घर बांधायला काढलं असेल तर गवंडीकाकांना विचारा, "दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालणार ना?" तो पट्टा चारही भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. ते कदाचित हसतील. हसू द्या, पण उत्तर मिळेपर्यंत हलू नका हं!