मातीने परतविलेले ऊन

चैत्र-वैशाखाचे दिवस. रब्बीची पिके घरात आलेली असतात आणि दख्खनच्या पठारावरील शेते निरभ्र आभाळाखाली उघडी पडलेली असतात. सूर्य साऱ्या शिवारावर सारख्याच उदारपणे ऊन ओतीत असतो; परंतु ते स्वीकारण्याची प्रत्येक मातीची रीत निराळी. काळी भुई बहुतेक ऊन पोटात घालते. फिकट, मुरमाड माळ मात्र त्यातील बराच भाग आकाशाला परत करतो.

हे परत गेलेले ऊनही माणसाच्या उपयोगी पडते. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा 'आयआरएस-१ए' हा दूरसंवेदन उपग्रह बैकानूर येथून अवकाशात गेला. सुमारे ९०४ किलोमीटर उंचीवरून तो निळा, हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असा चार प्रकारचा प्रकाश निरनिराळा मोजीत असे. पुढे तेच काम त्याच्या मागून गेलेल्या उपग्रहांनी चालविले. तांबड्या मातीतील लोहद्रव्ये निळा प्रकाश शोषून घेतात आणि तांबडा परतवितात. त्यांचा हा स्वभाव अशा आकड्यांत उमटतो.

तथापि पावसाची एक सर येते आणि सारा हिशेब बदलतो. मातीच्या कणांभोवती पाण्याचे पातळ आवरण चढते. प्रकाश आत आत शिरतो व तेथेच जिरतो. कोरडी, फिकट माती शंभर भागांपैकी पस्तीस-चाळीस भाग परत करू शकते. काळी, भिजलेली माती पाच-दहाच. मग वरून काळसर दिसणारे शेत जात्याच काळे, की नुकतेच भिजलेले? एकट्या आकड्याला याचे उत्तर देता येत नाही.

म्हणून संशोधक स्वतः शेतात उतरतो. शुभ्र फलकावरून परतणारा प्रकाश तो आधी मोजतो, मग मातीवरून परतणारा. आणि दोहोंचे गुणोत्तर मांडतो. ओंजळभर माती नेऊन तिची ओल तपासतो. तेव्हा कोठे उपग्रहाच्या आकड्याला अर्थ येतो.

मृगाची सर पडून गेलेली असते. वृद्ध शेतकरी तीच माती मुठीत दाबून पाहतो आणि म्हणतो, "अजून वाफसा नाही. पेरणीची घाई नको." या एका निर्णयावर त्याच्या घरचे वर्षाचे धान्य अवलंबून असते. त्याच्या मुठीला चार गावांपलीकडची ओल कळत नाही. उपग्रहाला त्या मुठीतील माती चाचपता येत नाही. आकाशातून पाहणाऱ्यालाही अखेर वाकून माती हाती घ्यावीच लागते.