कातडी पिशवीतली तलवार

माझा नातू नोकरीनिमित्त जपानमध्ये, नागोयाला असतो. गेल्या रविवारी फोनवर म्हणाला, "आजी, आज तलवारबाजीचा सराव बघून आलो. पण तलवार बांबूची, आणि वर कातड्याची पिशवी!" मला हसू आलं. मग तो त्या परंपरेचा इतिहास सांगू लागला आणि मी सवयीने वही-पेन घेऊन बसले. निवृत्त झाले तरी बाई त्या बाईच! पुढचे चार दिवस त्याने पाठवलेलं वाचण्यात गेले.

या परंपरेचं नाव याग्यू शिनकागे ऱ्यू. 'ऱ्यू' म्हणजे आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखं, आणि 'शिनकागे' म्हणजे नवी सावली. सोळाव्या शतकात जपानभर सरदारांच्या लढाया चालू होत्या, तेव्हा कामिइझुमी नोबुत्सुना या योद्ध्याने ती घडवली. त्या काळी सराव टणक लाकडी तलवारीने होई. घाव नीट बसला तर हाड मोडायचं, म्हणून हात आखडता घ्यावा लागे. नोबुत्सुनाने बांबू चिरून त्यावर चामड्याची पिशवी चढवली, असं मानतात. आता गुरूला पुरता घाव घालता येई, शिष्याला आपली चूक कळे आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला धडधाकट उभा राही.

१५६३ साली नाराजवळच्या याग्यू गावचा सरदार मुनेयोशी त्याला भेटला. हा स्वतः नावाजलेला तलवारबहाद्दर. सामन्यात हरला आणि तिथेच शिष्य झाला. १५६५ साली गुरूने त्याला विद्या पुरी झाल्याचं पत्र दिलं. शिवाय गृहपाठही दिला होता: समोरच्याच्या हातात तलवार आहे, तुझे हात रिकामे आहेत, तर काय करशील? मुनेयोशीने त्याचं उत्तर शोधलं. १५९४ साली क्योटोला तोकुगावा इएयासूसमोर, रिकाम्या हातांनी, त्याने ते करून दाखवलं. इएयासूने त्यालाच गुरू व्हायला सांगितलं, पण वय झालं म्हणून त्याने मुलाला, मुनेनोरीला पुढे केलं. हा पुढे शोगुनांचा शिक्षक झाला. १६३२ साली त्याने लिहिलेल्या ग्रंथात मारणारी तलवार आणि जगवणारी तलवार असा भेद आहे. ही माणसं संत नव्हती हो. १६१५ च्या ओसाकाच्या लढाईत याच मुनेनोरीने माणसं मारल्याचं सांगतात. त्याच वर्षी मुनेयोशीचा एक नातू नागोयाच्या तोकुगावांकडे चाकरीला गेला. पुढे १८७६ साली सरकारने तलवार बाळगण्यावरच बंदी आणली, तरी नागोयाची शाखा टिकली.

नातू शेवटी सहज म्हणाला, "आजी, जोडीने सराव करताना मोठा माणूस हरायची बाजू घेतो. धाकट्याला जिंकायला शिकवायचं म्हणून."

त्यावर मी गप्प झाले.

आता लिहिते ते घरच्यांनाही ठाऊक नाही. १९८३ सालची गोष्ट. उसाच्या पट्ट्यातली शाळा, सातवीचा वर्ग. एका मुलाने सलग तीन दिवस गृहपाठ केला नव्हता. मी छडी घेतली. त्याने मुकाट्याने हात पुढे केला. दोन छड्या मारल्यावर माझं लक्ष त्याच्या तळहाताकडे गेलं. उसाच्या पानांनी तो आधीच जागोजागी कापलेला होता. पोरगं पहाटे वाढे बांधायला जात होतं. मी छडी खाली ठेवली, "जा, बस जागेवर" म्हटलं आणि धडा पुढे चालू केला. दुसरं काही बोलले नाही.

त्यानंतर त्याचा गृहपाठ कधी चुकला नाही. वर्षभर मी स्टाफरूममध्ये त्याचं उदाहरण देत असे. पण एरवी सारखा "बाई, असं का?" विचारणाऱ्या त्या मुलाने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. हे माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं गेली. तोवर तो कुठे गेला, कळायला मार्ग उरला नव्हता.

तेव्हा सगळेच मारत, हे खरं आहे. पण सगळेच मारत म्हणून त्याचा हात कमी दुखला नसणार. लढाईच्या दिवसांत, तलवारीवर पोट असलेल्या माणसाला शिष्याच्या हाडांची काळजी वाटली. माझ्या वर्गात तर लढाईही नव्हती.

"आजी, आवाज येतोय ना?" नातू विचारत होता.

"येतोय रे," म्हटलं. "ती पिशवी कशी शिवतात, ते विचारून ये पुढच्या वेळी."