रिठद ते न्यूयॉर्क : तिकिटावर न दिसणारे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे आणि थेट विमानाला त्यासाठी साधारण 16 तास लागतात. परदेशी स्थायिक झालेला मुलगा आईवडिलांना बोलावताना हेच दोन आकडे सांगतो. ते खोटे नसतात; मात्र ते एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचे असतात, आणि आपले घर असते रिसोड तालुक्यातील रिठदला, सोयाबीन-तुरीच्या शेतांच्या सोबतीला.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजल्यासारखे असते. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून विमान वळसा घेते, म्हणून तास थोडे मागेपुढे होतातच.

आता उंबरठ्यापासून मोजून पाहा. रिठदहून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर; मोटारीने नऊ-दहा तास. विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचायचे. पलीकडे उतरल्यावर तपासणीच्या रांगा. बेरीज 30 तासांच्या पुढे जाते, म्हणजे आकाशातला प्रवास जेमतेम निम्मा! समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे मोटारीचा मोह होतो. तरीही गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांनी अकोल्याहून रात्रीची रेल्वे धरावी, असे मला वाटते. खालच्या बर्थवर पाय पसरून आडवे होता येते. मुंबईत एक दिवस मुक्काम करून मगच विमानात बसावे. तो दिवस वाया गेला, असे मुलांनी म्हणू नये.

विमानात खरी परीक्षा पायांची. चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसून राहिले, की पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून कडेची जागा मागून घ्यावी, तासा-दोन तासांनी उठावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. आपल्याकडील ज्येष्ठ स्त्रिया स्वच्छतागृहात जाण्याच्या संकोचाने पाणीच पीत नाहीत; विमानातील हवा अतिशय कोरडी असते, तिथे हा संकोच महागात पडतो. केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवावी. ती मागण्यात कमीपणा कसला?

औषधांचा हिशेब मात्र घड्याळाने गोंधळतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे. म्हणजे निघण्याचा दिवस 33 तासांहून मोठा होतो. इन्सुलिन घेणाऱ्याने या वाढीव तासांत काय करावे, हे डॉक्टरांकडून मराठीत कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन आणि नेहमीच्या गोळ्या हातातील पिशवीतच ठेवाव्यात. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठण्याची भीती असते.

परतीचे विमान वाऱ्याच्या साथीने तास-दोन तास लवकर पोहोचते, पण झोप मात्र अधिक बिघडते, कारण पूर्वेकडे येताना दिवस आखडतो. रिठदला परतल्यावर आठवडाभर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागेल. त्यांना संध्याकाळी यायला सांगा, आणि सकाळी आजी-आजोबांची खुर्ची अंगणातल्या कोवळ्या उन्हात मांडा.