उंच कॅम

आयुष्यभर मी धातू चालवले ते व्याकरणातले. लोखंडाच्या वाटेला कधी गेलो नाही. पण २०१९ च्या उन्हाळ्यात शिकागोला धाकट्या भावाकडे गेलो आणि त्याच्या गॅरेजात बॅटरी धरून उभा राहिलो. त्याच्या मोटारसायकलच्या दोन सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन. जुने कॅमशाफ्ट काढून तो जास्त उंचीचे बसवीत होता.

"व्हॉल्व्ह जास्त उघडतील, जास्त वेळ उघडे राहतील. वरच्या वेगाला जोर येईल," तो म्हणाला.

"मग एवढेच बदल की!"

"दादा, स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या तर भर वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बंद होणार नाही. पिस्टनवर आपटला की संपले. शिवाय सावकाश जातानाचा जोर थोडा घटतोच."

मी गप्प झालो. घरी बारावीला गेलेला माझा मुलगा पहाटे एका क्लासला, रात्री दुसऱ्या क्लासला जात होता. उंच कॅम मी बसवला होता. स्प्रिंगांची चौकशी केली नव्हती.

त्या रात्री पुण्याला फोन लावला. अभ्यासाचे विचारले नाही. "झोप होते ना रे नीट?" एवढेच म्हणालो.

पलीकडे तो बराच वेळ बोललाच नाही.