सेल्फ घेते, पण गाडी उचलत नाही

खाडीची खारी हवा जिथे लोखंडाला बारमाही ग्रासत असते, त्या उमेळ्यासारख्या गावात जुना ट्रक पदरी बाळगणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलेला दावा वारसाहक्काने पत्करणेच होय. माझ्या पुतण्याचा टाटा 407 याच वर्गातला. ही जात 1986 साली बाजारात आली. आमची गाडी तितकी पुरातन नव्हे, तरी तिच्या पाटीवरील ‘एमएच 04’ ही अक्षरे, वसईला स्वतःचा 48 क्रमांक लाभण्यापूर्वी आमच्या वाहनांचे दफ्तर ठाण्यात असे, त्या काळची आहेत.

पावसाळ्यातल्या एका पहाटे, भाजीच्या पाट्या भरून दादरची वाट धरायच्या ऐन वेळी, ती अडून बसली. “काका, सेल्फ जोरात घेतेय, पण उचलतच नाही,” असे म्हणत पुतण्या पुन्हा पुन्हा किल्ली फिरवीत होता, आणि भोवती जमलेल्या मंडळींपैकी कोणी बॅटरीवर, कोणी सेल्फवर, तर कोणी थेट इंजिनावर ठपका ठेवून मोकळे झाले होते. मी प्रथम त्याचा हात थांबविला. कारण सलग सेल्फ मारल्याने त्याची मोटर तापते आणि बॅटरी नाहक उतरते. इंजिन जोमाने फिरत होते, एवढ्या एकाच पुराव्यावर त्या दोहोंची निर्दोष मुक्तता झालेली होती.

डिझेल इंजिनात ठिणगीला स्थान नसते. सिलिंडरमधील हवा मूळच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतक्या जागेत दाबली जाऊन अशी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. तेव्हा हवा, दाब आणि डिझेल यांपैकी गैरहजर कोण, एवढीच तहकीकात उरते, आणि तिचा पहिला जबाब सायलेन्सरकडून घ्यावा लागतो. पुतण्याला क्षणभर सेल्फ मारावयास सांगून मी मागे जाऊन उभा राहिलो. पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही, असा निष्कर्ष निघाला असता. येथे धुराचा मागमूस नव्हता, म्हणजे डिझेल पोहोचतच नव्हते.

टाकी भरलेली होती. इंजिन बंद करण्याची तारही पूर्णपणे मूळ जागी परतली होती. मग फिल्टरवरील एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारू लागताच तेथून डिझेलऐवजी फेस उसळला. गाडीने एअर धरली होती! फेस सरून अखंड धार लागेपर्यंत पंप मारून स्क्रू आवळला. नंतर नोझलकडील नळ्यांचे नट सैल केले, हात दूर ठेवून सेल्फ मारविला, आणि तेथे डिझेल उसळू लागताच नट आवळले, तोच गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडीत चालू झाली.

मंडळी पांगली, तरी हवा शिरली कोठून याचा फैसला व्हावयाचा होता. टाकीपासून फीडपंपापर्यंतचा मार्ग डिझेल ओढणारा असल्याने, तेथे फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते. म्हणून नजरेला काही दिसत नाही. गाडी दादरहून परतल्यावर मी टाकीकडील नळी सोडवून, तिच्या जागी जोडलेल्या दुसऱ्या नळीचे टोक स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडविले आणि एअर पुन्हा काढली. गाडी निर्वेध चालली. दोष टाकीकडच्या बाजूलाच होता. सोडविलेली नळी वाकविताच, क्लिपच्या कडेला रबराची केसाएवढी भेग उघडी पडली. नवी नळी व नवी क्लिप बसविल्यावर तक्रार मिटली.

ज्यांच्या पदरी असे वाहन असेल, त्यांना माझी विनंती आहे की, पंप उतरवून दुकानात नेण्याची तजवीज करण्यापूर्वी त्यांनी धूर पाहावा, फिल्टरपाशी एअर काढावी आणि टाकीकडील रबरी नळी वाकवून तपासावी. मात्र नोझलकडील नळ्यांच्या सांध्याशी, इंजिन फिरत असता, बोट कदापि नेऊ नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि तिचा इलाज मेकॅनिकपाशी नसतो.