खुलासा

नववीच्या वर्गाला मी गेली अकरा वर्षे उर्दू शिकवते. हसरत मोहानींचा धडा आला की वर्ग खुशीत असतो. त्यांची एक गझल गुलाम अलींनी गायिली, १९८२ च्या 'निकाह' चित्रपटातून ती घराघरांत गेली, मुलांच्या आयांना आणि खालांनाही ती पाठ असते. त्यामुळे हसरत म्हणजे प्रेमाचा शायर, एवढ्यावर आम्हा शिक्षकांचे काम भागते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने शायराच्या परिचयातला 'कैद' हा शब्द पकडला आणि उभी राहून विचारले, "मिस, इश्कासाठी जेलमध्ये टाकत होते का?" वर्ग हसला. मीही हसले. पण पस्तीस मिनिटांच्या तासात मावणारे हे उत्तर नव्हते, म्हणून ते इथे लिहिते आहे.

हसरत जेलमध्ये गेले ते एका लेखासाठी. अलीगढच्या कॉलेजातून बी.ए. होताच १९०३ साली त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' नावाचे मासिक काढले. त्यात शायरी असे, जुन्या शायरांचे निवडक कलाम असे आणि राजकारणही असे. १९०८ साली या मासिकात एक लेख छापून आला. विषय होता, इजिप्तमध्ये इंग्रजांनी चालवलेले शिक्षणाचे धोरण. लेखाखाली लेखकाचे नाव नव्हते. सरकारला तो लेख राजद्रोही वाटला. हसरतना विचारण्यात आले, लेख कोणाचा? त्यांनी नाव सांगितले नाही. मासिक माझे, जबाबदारी माझी, अशी त्यांची भूमिका होती. दोन वर्षांची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. अपिलात एक वर्ष कमी झाले. दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांची जमवलेली पुस्तके विकली गेली. घरात लहान मुलगी आजारी होती. त्यांच्या बेगम निशातुन्निसा यांनी मात्र नवऱ्याला धीर सोडू नका असेच कळवले. तुरुंगात हसरतना चक्की दिली गेली. शायराने रोज गहू दळायचे आणि मनात गझल जुळवायची, असे ते दिवस होते.

मी शिक्षिका असल्यामुळे मला या प्रकरणातली एक गोष्ट फार टोचते. लेख बॉम्बवर नव्हता, खुनावर नव्हता, तो शाळांवर होता. परक्या देशातल्या शाळांवर. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे सजा, याची आम्ही स्टाफरूममध्ये नेहमी थट्टा करतो. हसरतच्या बाबतीत दोन्ही अर्थ एका खटल्यात आले.

आता मराठी वाचकाला १९०८ साल म्हटले की दुसरेच नाव आठवेल आणि ते बरोबर आहे. ज्या जून महिन्यात हसरत पकडले गेले, त्याच महिन्यात, २४ जूनला, मुंबईत लोकमान्य टिळकांना अटक झाली. योगायोग केवळ तारखेचा नव्हे. हसरत टिळकांना आपला राजकीय गुरू मानत. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये फूट पडली तेव्हा ते टिळकांच्या बाजूने बाहेर पडले. टिळकांवर त्यांनी उर्दूत कविताही लिहिल्या. एक अलीगढचा मौलाना, पाच वक्त नमाजी, अनेकदा हज केलेला; दुसरा पुण्याचा ब्राह्मण पंडित. दोघांचे धर्माविषयीचे, समाजाविषयीचे विचार सर्व बाबतीत जुळत असतील असे मी म्हणणार नाही. पण छापलेल्या शब्दासाठी दोघांनी एकाच उन्हाळ्यात किंमत मोजली. आमच्या उर्दूच्या पुस्तकात टिळक नाहीत आणि मुलांच्या मराठीच्या पुस्तकात हसरत मला भेटले नाहीत.

टिळकांचा खटला मी अलीकडे पुन्हा वाचला तो भाषेसाठी. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीतले लेख मराठीत होते. न्यायालयासमोर मात्र त्यांचे इंग्रजी भाषांतर होते. ज्युरी नऊ जणांची, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. बहुतेकांना मराठी येत नव्हते. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणीही स्वतःच घेतली आणि शब्दाशब्दावर वाद घातला. मूळ शब्दाचा जो भाव आहे तो भाषांतरात राहिलेला नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा मोठा भाग होता. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. २२ जुलैला ज्युरीने सातास दोन असा कौल दिला. सात युरोपियनांनी दोषी ठरवले, दोघा पारशांनी निर्दोष. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात मंडालेचा तुरुंग. ज्यांना लेख वाचता येत नव्हता, त्यांनी लेखकाला शिक्षा दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. त्यांतल्या कित्येकांना केसरी वाचता येत नसेल, पण तो कोणीतरी वाचून दाखवत असे.

देशी भाषेच्या पत्रावर सरकारचा राग अधिक, ही जुनीच रीत. १८७८ साली लॉर्ड लिटनने जो कायदा आणला तो फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता, इंग्रजी पत्रांना नव्हता. त्यात अपिलाची सोयदेखील नव्हती. त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, 'देहली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकर यांना इंग्रजांनी दिल्ली परत घेताच मारून टाकले. बंडाच्या दिवसांत त्यांनी आपल्या पत्राचे नाव बदलून बादशहा जफरच्या नावावर ठेवले होते. त्यांचे चिरंजीव मुहम्मद हुसेन आझाद जीव वाचवून पळाले आणि पुढे उर्दूचे मोठे लेखक झाले. हे आझाद आम्ही शिकवतो. बाप शिकवत नाही.

फाशी आणि तुरुंग यांची आठवण राहते, पण मला वाटते पत्रांना खरे मारले ते जमानतीने. १९१० च्या प्रेस कायद्याने ही युक्ती पक्की केली. छापखाना काढायचा तर मॅजिस्ट्रेटकडे पाचशे ते दोन हजार रुपये आधीच ठेवायचे. सरकारला काही आवडले नाही की रक्कम जप्त. पुन्हा छापायचे असेल तर दहा हजारांपर्यंत नवी रक्कम. संपादकाला हात लावायचा नाही, फक्त त्याचे घर विकायला लावायचे. तुरुंगातून सुटल्यावर हसरतचे मासिक छापायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी स्वतःचे लहानसे हाताचे यंत्र घातले आणि बेगम त्यांना छपाईत मदत करीत. १९१३ मध्ये त्या छापखान्याकडे तीन हजारांची जमानत मागितली गेली. मासिक बंद पडले. हसरतनी स्वदेशी कापडाचे दुकान टाकले. मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' १९१२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि दोन वर्षांत त्याचा खप आठवड्याला सव्वीस हजारांवर गेला, असे त्यांनीच आत्मकथनात सांगितले आहे. त्यांच्याकडून आधी दोन हजार घेतले, ते जप्त केले, मग दहा हजार मागितले. पुढे 'अल-बलाग' काढले तर १९१६ मध्ये बंगालबाहेर घालवले आणि रांचीत नजरकैदेत ठेवले. 'कॉम्रेड', 'जमीनदार', सगळ्यांची हीच कहाणी, नाव बदलून.

इंग्रज गेले. माझे अब्बा १९७५ साली मुंबईत मोहम्मद अली रोडच्या बाजूला एका उर्दू दैनिकात कातिब होते. बावीस वर्षांचे होते. उर्दूचे टाइप मनासारखे बसत नसल्यामुळे सगळे पत्र हाताने लिहिले जाई. बोरूचा कलम, शाई आणि नस्तालीक अक्षर. त्यामुळे आणीबाणीची सेन्सॉरशिप त्यांनी कानांनी ऐकली नाही, हातांनी केली. बातमी लिहून झालेली असायची, रात्री निरोप यायचा, ही काढा. बाकीच्या भाषांत खिळे उचलून टाकत, इथे लिहिलेले कापून काढावे लागे. आणि जागा कोरी सोडायला मनाई होती. कोरी जागादेखील सरकारला ओरडते आहे असे वाटत असावे. मग तेवढ्या मापात काहीतरी लिहायचे. अब्बा सांगतात, आमच्याकडे हकिमी नुस्खे तयार असत. कफावर चार ओळी, बद्धकोष्ठावर सात ओळी. काही महिन्यांनी जाणते वाचक पत्र हातात घेऊन म्हणू लागले, आज पान एकवर इसबगोल आहे, म्हणजे काहीतरी मोठे झाले.

एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला वस्ती पाडली गेली आणि गोळीबार झाला. ती बातमी दिल्लीहून रेल्वेने आलेल्या माणसांच्या तोंडून भेंडीबाजारात पोचली. अब्बांच्या ऑफिसात ती सर्वांना ठाऊक होती आणि पत्रात ती नव्हती. लोक ऑफिसच्या जिन्यावर येऊन विचारत, तुम्ही का लिहीत नाही? अब्बा म्हणतात, हातात कलम असून मान खाली घालायची वेळ त्या जिन्यावर आली. त्याच दिवसांत काही जण लढलेही, हे नोंदवले पाहिजे. पुण्याच्या 'साधना'ने यदुनाथ थत्ते यांच्या संपादनाखाली सरकारशी झगडा दिला. 'फ्रीडम फर्स्ट'चे मिनू मसानी सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्येच जिंकले. उर्दू पत्रांतले बहुतेक मालक मात्र जाहिरातींचा आणि कागदाच्या कोट्याचा हिशेब करत गप्प बसले. आपल्याच लोकांबद्दल हे लिहिणे बरे वाटत नाही, पण तसे घडले.

आता जमानत मागत नाहीत. आता तारीख देतात. मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुले पोषण आहार म्हणून मिठाबरोबर रोटी खात होती. पवन जायस्वाल या पत्रकाराने २०१९ मध्ये त्याचा व्हिडिओ काढला. गुन्हा दाखल झाला तो त्याच्यावर, कट आणि फसवणुकीचा. छापील पत्राच्या माणसाने व्हिडिओ कशाला काढला, असे जिल्हाधिकाऱ्यांनी विचारले होते. काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवले. मल्याळी पत्रकार सिद्दीक कप्पन हाथरसला बातमीसाठी निघाले होते, वाटेत ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहेर आले. टिळक आणि हसरत ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवले. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात राजद्रोह हा शब्द नाही. कलम १५२ आहे.

आमच्या गावात एक तरुण उर्दू साप्ताहिक काढतो. चार पाने, खप काही शे. माझ्या धाकट्या भावाबरोबर शिकलेला, मला बाजी म्हणतो. मागच्या वर्षी त्याने एका शाळेच्या पाण्याच्या टाकीविषयी छापले. टाकी कधीपासून धुतली नाही, मुलांना जुलाब कसे झाले, सगळे. ती शाळा माझी. बातमी खरी होती. मी ती दिली नव्हती, पण स्टाफरूममध्ये पंधरा दिवस प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. मग त्या मुलाला एका कार्यालयाकडून नोटीस आली की सात दिवसांत लेखी खुलासा करावा. बिचारा उर्दूत शिकलेला. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. त्याने आपल्या बातमीचा दहा ओळींत सारांश करून पाठवून दिला. तिकडे ती मुजोरी समजली गेली आणि दुसरी, कडक नोटीस आली. तिच्यासोबत बातमीचे मराठी भाषांतर होते, कोणी केले कोण जाणे. बातमीत 'हुकूमत' हा शब्द चार वेळा होता. उर्दूत त्याचा अर्थ साधा, सरकार. भाषांतरकाराने तो तसाच ठेवला आणि मराठीत तो वाचला की जुलमी राज्य डोळ्यांसमोर येते. बातमीत 'गफलत' होती, म्हणजे हयगय. मराठीत ती घोटाळा झाली होती.

तो संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "बाजी, आप ही कर दो तर्जुमा. मुझे माहिती किसने दी वो पूछ रहे हैं, वो मैं नहीं बताऊँगा." अब्बा आतल्या खोलीत पडले होते, उठून बाहेर येऊन बसले. दोन तास मी एकेक वाक्य लावत होते. हुकूमतच्या जागी शासन लिहिले, गफलतच्या जागी दुर्लक्ष. टाकीचा आकार, तारखा आणि जुलाब झालेल्या मुलांचा आकडा जसाच्या तसा ठेवला. नोटिशीत शेवटी एक अट होती, भाषांतर करणाराचे नाव, हुद्दा व सही असावी. मुलगा म्हणाला, "दुसऱ्या कुणाची सही घेतो बाजी, तुमची नोकरी आहे." गावात दोन्ही भाषा लिहिणारे आणि सही करणारे दुसरे कोण, हे त्यालाही ठाऊक होते.

मी नाव लिहिले. त्याखाली लिहिले, बी.ए., बी.एड., सहशिक्षिका, आणि शाळेचे नाव. अब्बांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाले, मराठीतले तुझे अक्षर अजून सुधारायला हवे.