लालबागेतली माती आणि एक प्रश्न

गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही लालबाग पॅलेसच्या बागेत गेलो होतो. झाडाखालची माती गोळा करायची होती. माती म्हणजे नुसती धूळ नव्हे, हे सांगताना आम्ही सायक्लोस्पोरीनचे उदाहरण दिले. नॉर्वेच्या पठारावरील मातीतल्या बुरशीपासून ते मिळाले. शरीर दुसऱ्याची किडनी परकी समजून तिच्यावर तुटून पडते; हे औषध ते थोपवते.

एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, बाबा अशीच गोळी घेतात. पण तिच्यानेच किडनी खराब होते म्हणे. मग बंद का नाही करायची?"

त्याच्या वडिलांना आजीने किडनी दिलेली आहे. (हे त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहोत.) आम्ही निरुत्तर झालो. आमचे शिक्षण हिंदीतून झालेले. 'गुर्दा' पक्का ठाऊक, पण ही गोष्ट कुठे वाचली नव्हती. मग डॉक्टरांना विचारले, वाचले.

केंब्रिजचे सर्जन रॉय काल्न यांनी आधी कुत्र्यांच्या किडन्या बदलून हे औषध तपासले. कुत्रे बरेच दिवस जगले, किडनीला अपाय दिसला नाही. १९७८ साली माणसांना दिले, तेव्हा मात्र नव्या किडनीचेच काम मंदावले. औषधाने किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आकसतात. वर्षानुवर्षे तसे झाले की आत व्रण पडतात. तेव्हाचे डोसही फार मोठे होते. पुढे ते कमी केले, रक्तातले प्रमाण मोजू लागले. गंमत म्हणजे १९९० नंतरच्या दशकात उंदरांना मीठ कमी केलेला आहार देऊन हेच औषध दिले, तेव्हा त्यांच्या किडनीत माणसासारखेच व्रण दिसले. त्या मुक्या जिवांचे ऋण आहेच. पण 'सर्व ठीक' हे पहिले उत्तर अपुरे होते, असे आम्हांला वाटते.

वडिलांची गोळी टॅक्रोलिमस निघाली. तीही मातीतलीच, जपानच्या त्सुकुबाची, १९८४ची. आणि दोषही तोच. पण गोळी सोडली तर शरीर आजीची किडनी नाकारेल, आणि जास्त झाली तर तीच किडनी झिजेल. म्हणून रक्ताची तपासणी चुकवायची नाही. हे मुलाला समजावले. तो बराच वेळ गप्प होता.

पुढच्या पालकसभेला त्याचे वडील आले. बरोबर नऊ वाजता त्यांच्या मोबाईलचा गजर वाजला. "माफ करा हं," म्हणत ते उठले. मुलाने आधीच पाण्याची बाटली पुढे केली होती.